संडे स्कूलच्या शिक्षकांचा सन्मान : अर्जापासून व्हाउचरपर्यंत

परवा १२ ऑक्टोबरच्या कमिटी मीटिंगमध्ये शेवटची बिलं पास झाली आणि हिशोबाची फाईल मी ट्रेझरर काकांकडे दिली, म्हणून आता लिहायला बसलेय. जूनमध्ये टीचर्सच्या या सन्मानाची सुरुवात केली तेव्हा कुणाला विचारावं, पैसे कुठून येणार, अर्ज कुणाच्या नावाने करायचा काहीच माहीत नव्हतं. चर्चमध्ये एखादी गोष्ट पहिल्यांदा करायची म्हटलं की दडपण येतं, त्यात मी कमिटीवर नाही, साधी पालक. तुमच्यापैकी कुणाच्या मनात असं काही असेल तर उपयोगी पडेल म्हणून सगळं क्रमाने लिहितेय, पैशांसकट.

आमचं चर्च नगरमधलं, मराठी मंडळी. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच येतं.) इथे १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन आलं, तेव्हापासून पोरांना शिकवणं हा इथल्या चर्चेसचा जुना धर्मच आहे. आमच्याकडे उपासना सकाळी ९ ला सुरू होते, पहिली दोन गाणी आणि प्रार्थना झाली की मुलं उठून मागच्या हॉलमध्ये संडे स्कूलला, म्हणजे त्यांच्या बायबलच्या वर्गाला जातात आणि त्यांच्यासोबत टीचर्सही जातात. लहान, मधला आणि मोठा असे तीन गट. नऊ जण शिकवतात, आणि शिवाय पाच जण मदतीला, म्हणजे कीबोर्ड वाजवणारा दादा, नाश्ता करणाऱ्या दोन मावश्या, हजेरी ठेवणारी कॉलेजची मुलगी आणि लांबच्या वस्तीवरून मुलांना स्वतःच्या रिक्षात आणणारे एक काका. कुणालाही एक रुपया मिळत नाही आणि कुणी कधी मागितलाही नाही. आमच्या सुपरिटेंडंट बाई, म्हणजे संडे स्कूलच्या प्रमुख, तर माझ्या नवऱ्याला पण शिकवायच्या, आता माझ्या दोन्ही पोरांना शिकवतात.

मे महिन्यात व्हीबीएस (सुट्टीतली बायबल शाळा) झालं, दहा दिवस सकाळ ते दुपार, नगरच्या उन्हात, आणि शेवटच्या दिवशी मुलांना बक्षिसं वाटली, पाहुण्यांचा सत्कार झाला, मंडप वाल्याचे पण आभार मानले गेले, आणि टीचर्स मागे खुर्च्या गोळा करत होते. ते बघून मला फार वाईट वाटलं. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं की यावर्षी यांच्यासाठी काहीतरी करायचंच.

पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, विचारलं तर त्यांना आनंदच झाला पण म्हणाले, अर्ज लेखी द्या, सेक्रेटरींच्या नावाने, म्हणजे मीटिंगच्या अजेंड्यावर घेता येईल. २२ जूनला अर्ज दिला. एक पान, त्यात तीनच गोष्टी : काय करायचंय, अंदाजे खर्च, आणि कोण जबाबदारी घेणार. माझ्यासोबत आणखी चार पालकांच्या सह्या घेतल्या, याचा फार फायदा झाला, कारण एकट्या माणसाचा अर्ज "बघू" मध्ये जातो, पाच सह्या असल्या की चर्चा होते. आणि अर्जाची दुसरी कॉपी काढून त्यावर सेक्रेटरींची सही आणि तारीख घेऊन ठेवा, मला पुढे ती लागली.

आमची पास्टरेट कमिटी, म्हणजे चर्चचा कारभार बघणारी कमिटी, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बसते. १३ जुलैच्या मीटिंगमध्ये छताच्या गळतीचाच विषय दोन तास चालला, आमचा अर्ज पुढे ढकलला गेला. पावसात छत गळत असताना तेच आधी हे मला पटलं, पण एक महिना गेला. १० ऑगस्टला मला आत बोलावलं. चर्चा चांगली झाली. एका ज्येष्ठ सभासदांनी सुचवलं की टीचर्सना महिन्याला थोडं मानधनच सुरू करूया. पाळकसाहेबांनी त्यावर सांगितलेली गोष्ट मला नवीन होती. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टर गावात १७८० च्या सुमाराला रॉबर्ट राईक्स यांनी संडे स्कूल सुरू केलं ते आठवडाभर कामाला जुंपलेल्या गरीब पोरांसाठी, कारण सुट्टीचा एकच वार, आणि त्या पोरांना आधी वाचायला शिकवायचं होतं. तिथे शिकवणाऱ्या पहिल्या बाईंना दिवसाला एक शिलिंग पगार होता! बिनपगारी सेवा म्हणून शिकवायची पद्धत नंतर रुजली. म्हणजे मानधन देण्यात काही चुकीचं नाही, पण आधी टीचर्सनाच विचारा असं ठरलं. (विचारलं. सगळ्यांनी नको म्हटलं, आणि सुपरिटेंडंट बाई म्हणाल्या, "पैसे घेतले की रजा मागावीशी वाटते.")

शेवटी ठराव झाला तो असा : जनरल फंडातून जास्तीत जास्त १५,००० रुपये, वरचे पालकांनी जमवायचे. पण वेगळं पावती पुस्तक छापायचं नाही, प्रत्येक दान चर्चच्याच पावतीवर "विशेष दान" म्हणून घ्यायचं. पाच हजाराच्या वरच्या खरेदीला तीन कोटेशन्स, बिल चर्चच्या नावाने. एका माणसाला एका दिवशी दहा हजाराच्या वर कॅश द्यायची नाही, तिथे चेक किंवा ऑनलाईन, हा आयकराचा नियम आहे आणि चर्च पब्लिक ट्रस्ट असल्याने ऑडिटर दरवर्षी बघतात. आणि फ्लेक्स लावायचा नाही. ही शेवटची अट मला सगळ्यात जास्त आवडली. ठरावाची झेरॉक्स मागून घ्या बरं का, दुकानात चर्चच्या नावाने बिल मागताना आणि सहीचा चेक मागताना तोंडी सांगून भागत नाही.

तारखेचा घोळ वेगळाच. शिक्षक दिन ५ सप्टेंबरला, शुक्रवारी, म्हणून सगळ्यांना ७ सप्टेंबरचा रविवार हवा होता. पण आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, रात्री उशिरापर्यंत मिरवणुका, रस्ते बंद, लांबच्या लोकांना सकाळी वेळेवर येणं कठीण, आणि महिन्याचा पहिला रविवार म्हणजे प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी), उपासना तशीही लांबते. म्हणून १४ सप्टेंबर. एक आठवडा जास्तीचा मिळाला तो कामी आला.

आता मुख्य काम. द्यायचं काय? आमच्या पालकांच्या ग्रुपवर पहिल्या दिवसापासून शाल, ट्रॉफी, घड्याळ, डिनर सेट अशी यादी सुरू झाली होती. माझं म्हणणं होतं की आधी त्यांना विचारू. काही जणांना ते आवडलं नाही, सरप्राईज राहणार नाही म्हणाले, पण शेवटी ऐकलं. आम्ही छोट्या चिठ्ठ्या दिल्या, नाव लिहायचं नाही, तीन प्रश्न : शिकवताना तुम्हाला स्वतःच्या खिशातून कशावर खर्च करावा लागतो? रविवारी सकाळी तुमचं काय राहून जातं? पालकांनी काय केलं तर तुम्हाला बरं वाटेल?

चिठ्ठ्या परत आल्या त्या वाचून मी खरंच रडले. चार्ट पेपर, स्केचपेन, फेव्हिकॉल, रंगीत झेरॉक्स, बक्षिसाची चॉकलेटं, सगळं ते स्वतःच्या पैशाने आणतात. कपाटाला कुलूप नाही म्हणून दर रविवारी सामान पिशवीत भरून घरी नेतात आणि परत आणतात. एकीने लिहिलं होतं की मुलं वेळेवर आणा आणि वेळेवर घेऊन जा, उपासना संपल्यावर अर्धा तास गप्पा मारत उभे राहू नका. आणि दुसऱ्या प्रश्नाला जवळजवळ सगळ्यांचं उत्तर एकच होतं. "उपासनेत बसायला मिळत नाही." एका दादांनी लिहिलं, "लग्न झाल्यापासून बायकोच्या शेजारी बसून पूर्ण संदेश ऐकलेला नाही." प्रभुभोजनाच्या रविवारी पण ते दोघं दोघं पाळीने येतात, घाईघाईत घेतात आणि परत वर्गावर पळतात. आम्ही सगळे इतकी वर्षं आत शांत बसून उपासना करू शकलो ती यांच्या जिवावर, आणि त्यांना घरी नेऊन ठेवायला आम्ही ट्रॉफी देणार होतो.

ट्रॉफी रद्द. त्याऐवजी कुलपाचं लोखंडी कपाट, वर्षभराचा सामानाचा खर्च, मुलांची पत्रं, साधं फ्रेम केलेलं प्रमाणपत्र, कुटुंबासोबत प्रीतिभोजन, आणि त्या रविवारी वर्ग पालक घेणार, टीचर्स आपापल्या घरच्यांबरोबर पहिल्या गाण्यापासून आशीर्वचनापर्यंत उपासनेत बसणार.

यादी करणं सोपं वाटत होतं पण वेळ तिथेच गेला. सध्याचे चौदा जण माहीत होते, आधीचे कोण? वेस्ट्रीतल्या (चर्चच्या आतल्या खोलीतल्या) कपाटातून जुने वार्षिक अहवाल काढले, काही वाळवीने खाल्लेले, हजेरीची रजिस्टरं, व्हीबीएसचे ग्रुप फोटो. म्हाताऱ्या माणसांना फोटो दाखवून नावं विचारली. ज्यांनी पूर्वी शिकवलं त्यांची नावं उपासनेत वाचून दाखवायची ठरलं होतं, त्यात जे प्रभूकडे गेले त्यांचीही, आणि जे आता दुसऱ्या चर्चला जातात त्यांचीही. यावर थोडी कुजबुज झाली, दुसरीकडे गेलेल्यांची कशाला म्हणून, पण त्यांनी शिकवलेली पोरं तर इथेच बसलीयेत ना. पाळकसाहेब ठाम राहिले. प्रमाणपत्र छापायच्या आधी प्रत्येकाकडून नाव त्यांच्याच हाताने कागदावर लिहून घ्या. आपल्याकडे एकाच माणसाचं नाव बाप्तिस्म्याच्या नोंदीत शमुवेल, आधारवर सॅम्युअल आणि घरी सॅमी असतं, त्यांना काय हवं ते त्यांनाच माहीत.

सुपरिटेंडंट बाई मात्र तयार नव्हत्या. मी घरी गेले तर चहा केला, प्रेमाने बोलल्या, पण म्हणाल्या, "अगं बाळा, मी हे माणसांसाठी नाही केलं, मला पुढे उभं करू नकोस." मी आग्रह केला नाही. पुढच्या वेळी पाळकसाहेब सोबत आले. ते म्हणाले, बाई, बायबलमध्ये गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात सहावं वचन आहे, ज्याला वचनाचं शिक्षण मिळतं त्याने शिकवणाऱ्याला आपल्या चांगल्या गोष्टींत वाटा द्यावा, मग मंडळीला तेवढं पाळू द्या की. बाई बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या हार नको, भाषण नको, आणि मला एकटीला नाही, सगळ्यांना एकत्र उभं करा. तसंच केलं. तुमच्याकडेही असे कुणी असतील तर त्यांच्या अटी मान्य करा, त्यांचा संकोच खरा असतो.

पालकांनी वर्ग घ्यायचे म्हणजे तयारी हवी. ३१ ऑगस्टला उपासनेनंतर बाईंनी आम्हा सहा जणांना तासभर बसवून पाठ समजावला, येशूला बघायला उंबरावर चढलेल्या जक्कयाची गोष्ट, बायबलमधलं लूक १९. नियम दिले : प्रत्येक वर्गात कायम दोन मोठी माणसं, एकट्या मुलाला घेऊन कुठेही जायचं नाही, शू ला न्यायचं तर दोघांनी किंवा दार उघडं ठेवून, कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे ती यादी भिंतीवर, आणि मूल फक्त ठरलेल्या माणसाच्याच ताब्यात द्यायचं. हे सगळं टीचर्स दर रविवारी सांभाळतात, बाहेर दिसत नाही.

पत्रांबद्दल एक टिप. मुलांना "आभार मान" सांगितलं तर सगळी पत्रं सारखी येतात. आम्ही सांगितलं, टीचरनी शिकवलेली किंवा केलेली एकच गोष्ट लिही जी तुझ्या लक्षात आहे. लहान गटाने चित्रं काढली. एका मुलीने लिहिलं, "टीचर माझं नाव विसरत नाहीत आणि माझ्या बकरीचं पण." नववीतल्या एका मुलाने लिहिलं की पप्पा ॲडमिट होते तेव्हा सर रोज संध्याकाळी डबा घेऊन यायचे आणि कुणालाच सांगायचे नाहीत. हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. पत्रं जमवायला तीन आठवडे ठेवा, घरी दिलेला कागद परत येत नाही, उपासनेआधी पंधरा मिनिटं बसवून लिहून घेतलेली पत्रं येतात.

पैशांचं सांगते. पालकांकडून ११,४०० जमले. आम्ही रक्कम ठरवली नव्हती, कुणी ५० दिले कुणी १,००० आणि कुणाचं किती ते ग्रुपवर टाकलं नाही, हे नक्की पाळा. खर्च : कपाट ८,७०० (तीन कोटेशन्स, सगळ्यात महाग वाल्याने पोहोच फुकट दिली म्हणून शेवटी मधला आणि तो सारखेच पडत होते, आम्ही मधल्याचं जाड पत्र्याचं घेतलं), चौदा प्रमाणपत्रं फ्रेमसकट प्रत्येकी २१० प्रमाणे २,९४०, सामानासाठी महिन्याला ५०० प्रमाणे वर्षाचे ६,०००, जेवण साठ जणांचं ७,८००, फुलं ६००. एकूण २६,०४०. उरलेले ३६० परत जनरल फंडात, त्याचीही पावती.

जेवण महिला मंडळाने केलं, चिकन बिर्याणी, रायता आणि गुलाबजाम, म्हणून ताट १३० रुपयात बसलं, बाहेर जवळपास दुप्पट सांगत होते. पण कागदपत्रांचा त्रास पण तिथेच झाला. चिकन वाल्याकडे छापील बिल नसतं, भाजीवाल्याकडे नसतंच. ट्रेझरर काकांनी कोरी व्हाउचर्स आधीच दिली होती, खरेदी करतानाच त्यावर रक्कम, तारीख आणि दुकानदाराची सही घ्यायची, आणि पाच हजाराच्या वर रोख असेल तर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प. नंतर सह्या गोळा करत फिरण्यापेक्षा हे फार बरं. चेकवर दोन सह्या लागतात आणि सही करणारे एक जण लग्नाला परगावी गेले होते, त्यामुळे कपाटाचा चेक आठवडाभर अडला आणि कपाट १२ सप्टेंबरला संध्याकाळी आलं, पावसात, ताडपत्री घालून. सह्यांची माणसं गावात कधी आहेत ते आधी विचारून ठेवा.

१४ सप्टेंबर. सकाळी पाऊस होता तरी सगळे आले. दोन गाण्यांनंतर मुलं उठली, आणि सवयीने टीचर्स पण उठले! पाळकसाहेब म्हणाले, आज तुम्ही बसा. मग सहा पालक उठून मुलांबरोबर गेले, त्यात मी होते, त्यामुळे आतलं मी पाहिलं नाही, नवऱ्याने सांगितलं. रिक्षावाल्या काकांच्या बायकोने अख्खी उपासनाभर त्यांचा हात सोडला नाही म्हणे. संदेश गलतीकरांच्या त्याच वचनावर झाला. आमच्या वर्गात एका बाबांनी खूप तयारी केली होती पण गोष्ट बारा मिनिटांत संपली आणि पुढचा अर्धा तास मुलं त्यांच्याकडे बघत होती, मग उंबराचं झाड म्हणून एका मुलाला खुर्चीवर उभं केलं आणि प्रत्येकाला जक्कय व्हायचं होतं. बाहेर आल्यावर ते म्हणाले, हे लोक दर रविवारी हे कसं करतात. त्या एका वाक्यात जो आदर होता तो मला फार मोलाचा वाटला.

आशीर्वचनाच्या आधी मुलांना आत आणलं. चौदा जण एकत्र पुढे उभे राहिले, जुन्यांची नावं वाचली, मग मुलांनी आपापल्या टीचरच्या हातात पत्रं दिली आणि मंडळीने उभं राहून त्यांच्यासाठी प्रार्थना केली. सगळं मिळून वीस मिनिटं. भाषण कुणाचंच नाही. माझ्या मते वीस मिनिटांच्या वर जाऊच नका, टीचर्सना अवघडल्यासारखं होतं आणि पोरांना भूक लागते.

जेवताना बाई माझ्याजवळ आल्या आणि विचारलं, "हे प्रभुभोजनाच्या रविवारी पण होईल का गं?" मी हो म्हणून टाकलं आणि तिथेच कागद फिरवला, बावीस पालकांनी नावं लिहिली. आता दर महिन्याचा पहिला रविवार पालकांचा, दर वेळी सहा जण, पाठ आठ दिवस आधी बाई पाठवतात. ५ ऑक्टोबरला पहिली पाळी झाली, सगळे टीचर्स एकत्र प्रभुभोजनाला गेले. २ नोव्हेंबरची नावं पण ठरलीत, दिवाळीच्या सुट्टीत गावी जाणाऱ्यांनी आपापसात बदलून घेतलं. पाळीत बदल करायचा तर स्वतः दुसरा पालक शोधायचा, टीचरला फोन करायचा नाही, एवढा एकच नियम ठेवलाय.

सामानाचे ५०० रुपये अजून एका वर्षापुरतेच आहेत. ते चर्चच्या बजेटमध्ये कायमचे यावेत म्हणून मी जानेवारीत नवीन अर्ज देणार आहे, कारण आमचं बजेट एप्रिलपासूनचं असतं आणि फेब्रुवारीत ठरतं. तुम्ही करणार असाल तर नोव्हेंबर-डिसेंबर टाळा, ख्रिसमसच्या नाटकाची सगळी धावपळ याच लोकांच्या अंगावर असते, त्यात त्यांना सन्मानाला बोलावणं म्हणजे अजून एक काम. चिठ्ठ्या मात्र केव्हाही देता येतात, त्याला ठराव लागत नाही.